मी फॉर्म उचलला, आणि मला त्याची लाज वाटत नाही

पांदणवाला (यवतमाळ जिल्हा)

आमच्या ग्रामपंचायतीची मुदत संपत आली तसा पारावर पुन्हा तोच विषय निघालाय, यंदाही बिनविरोध करायची का. मागची, म्हणजे जानेवारी २०२१ ची निवडणूक बिनविरोध झाली होती आणि फॉर्म मागे घेणाऱ्यांत मी होतो. तेव्हापासून एक जुना मित्र बसस्टँडवर दिसला की “काय हो वास्तववादी” अशी हाक मारतो. त्याला तोंडावर जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आम्ही तिघं उभे होतो. नऊ जागा आणि तिघांचं पॅनेल, त्याला पॅनेल तरी कसं म्हणायचं. पण कागद झकास छापला होता. ग्रामसभा खरोखर भरवू, वित्त आयोगाचा पैसा कुठे गेला ते फळ्यावर लिहू, रोजगार हमीचं मस्टर चावडीत वाचून दाखवू. समोर गावातलं जुनं घराणं. चाळीस एकर ओलीत, कृषी केंद्र, आणि गावातल्या निम्म्या घरांची उधारी त्यांच्या वहीत.

अर्ज मागे घ्यायच्या दोन दिवस आधी मारुतीच्या पारावर रात्री बैठक झाली. मोठे मालक म्हणाले, निवडणूक लागली की भावाभावात बोलणं बंद होतं, चार वर्षं लग्नाच्या पंगती वेगळ्या उठतात. बिनविरोध केली तर वरून निधी येतो, शब्द मिळालाय. काय पाहिजे ते मागा. मी पांदण मागितली, म्हणजे वावरात जायची वाट पक्की करून.

ज्यांनी काळी जमीन पावसाळ्यात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुलैपासून दिवाळीपर्यंत आमच्या पांदणीत बैलगाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतायची. साठ-पासष्ट कास्तकारांची वावरं तिकडे. खताची बॅग डोक्यावर, कापसाचं गाठोडं डोक्यावर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये निंदणाला गेलेल्या एका बाईला साप चावला. बाजेवर टाकून डांबरी सडकेपर्यंत आणायला सव्वा तास लागला. ती वाचली नाही.

४ जानेवारीला दुपारी तीनच्या आत आम्ही तहसीलला जाऊन तिन्ही फॉर्म उचलले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पांदणीचं खडीकरण झालं, पावणेदोन किलोमीटर. आता भर पावसात टेम्पो वावरापर्यंत जातो.

आता सांगा. मी लढलो असतो तर तिघंही पडलो असतो, हे आकडे मांडून मला ठाऊक होतं. फळा नाही, पांदणही नाही, आणि मी मात्र तत्त्वाचा माणूस! प्लेटोनं न्यायी राज्याचं चित्र रंगवलं, मग सिसिलीत सिराक्यूजच्या सत्ताधीशाला तत्त्वज्ञ करायला निघाला आणि हात हलवत परत आला. इटलीतल्या मॅकियाव्हेलीनं १५१३ च्या सुमारास सरळ लिहिलं की माणसं कशी वागायला हवीत यातच जो रमतो आणि ती कशी वागतात ते पाहत नाही, तो स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. आपल्याकडे विनोबांना पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ ला १०० एकरांचं पहिलं दान मिळालं. पुढे देशभरात लाखो एकर मिळाले आणि त्यातली बरीच जमीन खडकाळ, वादातली, वाटपावाचून पडलेली निघाली. हृदयपरिवर्तन झालं, सातबारा झाला नाही.

मला चिडवणाऱ्यांना एकच विचारतो. पांदण उखडून टाकू का?

बोंडअळी (पाटणबोरीकडचा)

भाऊ, बरोबर केलं तू. कोनी काही म्हनो.

मी पैनगंगेच्या काठचा, नदीपल्याड आदिलाबाद, म्हंजे दुसरं राज्य. कापूस एकाधिकार आठवत असंन लोकाईले. १९७२ पासून कापूस घ्यायचा तं सरकारनंच, व्यापाऱ्याले बंदी. इचार लय चांगला होता बाप्पा, कास्तकाराले कोनी लुटू नये. पन चुकारा अर्धा आज अन् अर्धा देव जाने कवा. पल्याड भाव चढला का माहा बाप रातच्यानं गाडी काढे. चाकाले पोतं गुंडाळे, आवाज होऊ नये म्हनून. आपल्याच वावरातला कापूस अन् चोरावानी नेनं. मी आठ-नऊ वर्साचा, कापसावर बसलेलो. नाक्यावर एकानं बॅटरी मारली, बापानं त्याच्या हातात काईतरी देल्लं, गाडी पुढं गेली.

तवापासून कोनी मले आदर्श योजना सांगितली का मी एकच इचारतो, नाक्यावर कोन उभा हाये?

पवनारचा पाहुणा (वर्धा)

वय पंच्याहत्तर. विनोबांना पाहिलेलं आहे, त्यामुळे थोडं पक्षपाती लिहीन, सांभाळून घ्या.

पांदणवाले, भूदानाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. आमच्या पिढीने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. आणखी एक कबुली देतो. आमचा जिल्हा गांधी-विनोबांचा म्हणून दारूबंदीचा, आणि दारू कुठे मिळते हे इथल्या शाळकरी पोराला ठाऊक असतं. तेव्हा आदर्शाचं ढोंग कसं असतं हे मला शिकवू नका.

पण आदर्शवादी म्हणजे हवेत चालणारा, हे समीकरण कुठून आणलंत? गांधींनी १९२० मध्येच स्वतःला व्यवहारी आदर्शवादी म्हणवून घेतलं होतं. ३० एप्रिल १९३६ ला ते वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले तेव्हा त्या गावाला धड रस्ता नव्हता. तुमच्या पांदणीसारखाच चिखल. ते रस्ता मागून मग गेले नाहीत, आधी जाऊन राहिले. आणि व्यवहार किती पक्का बघा. सेगावचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम केलं. पुढे तिथे व्हाइसरॉयची पत्रं यायची.

मिठाचंही तेच. स्वातंत्र्याची मागणी मोठी, पण हात घातला तो मुठीत मावेल अशा वस्तूला. घरोघरी लागते, कर सगळ्यांना बसतो, कायदा मोडायला शिक्षण लागत नाही. याला आकडेमोड म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

तुम्ही पांदण मिळवलीत, चांगलंच केलंत. फक्त त्याला वास्तववाद म्हणू नका. तो सौदा होता. सौदा वाईट असतो असं नाही, पण त्याची पावती तत्त्वज्ञानाच्या नावावर फाडू नये.

जाऊद्याना

बिनविरोधचं कौतुक ऐकून आठवलं. त्याच जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती. पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, मंदिरासाठी. देवाच्या नावाने बोली लागली की त्याला एकमत म्हणायचं.

पांदणवाले भाऊंचं घराणं स्वस्तात सुटलं म्हणायचं. पावणेदोन किलोमीटर खडी, तीही सरकारची.

धानोऱ्याहून (गडचिरोली)

एक गल्लत दिसतेय, तेवढी काढतो. बिनविरोध आणि सर्वसहमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना ऐकून माहीत आहे. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा तिथली. लोक घोषणा पाठ करतात, पद्धत बघत नाहीत. तिथे ग्रामसभेत एखाद्याचा विरोध असेल तर निर्णय थांबतो. मोडत नाही, थांबतो. पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. बायका नसतील तर बैठकीला अर्थ नाही. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट आहे. जंगलाचा कायदा, नकाशा, बांबूचा भाव यावर तिथे आधी डोकेफोड होते, निर्णय मात्र अभ्यासगट घेत नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो या डोकेफोडीतून. हक्क मिळूनही बांबू वाहतुकीच्या पासासाठी पुढची दोन वर्षं वनखात्याशी भांडावं लागलं. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

म्हणजे ‘आम्हीच सरकार’ हे स्वप्न, आणि पासाचं पुस्तक हे त्याचं वास्तव. दोन्ही एकाच माणसांनी केलं.

तुमच्याकडे विरोध करणाऱ्याला किती वेळ मिळाला? दोन रात्री. त्यातही तहसीलचं घड्याळ तीनला थांबणार होतं.

(मेंढा बहुतेक गोंडांचं, चारशे-पाचशे वस्तीचं गाव आहे. वहीत उधारी असलेला मालक तिथे नाही. हे मी स्वतःच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच.)

बोंडअळी

मी तेच सांगनार होतो. मालक नसला तं एकमत आमच्या इकडं बी होईन.

वैनगंगा (भंडारा जिल्हा)

मी ग्रामपंचायत सदस्य राहिलेली आहे, एक टर्म. बौद्ध मोहल्ल्यातली, राखीव जागेवरून. तेवढं ओळखीला पुरे.

पवनारच्या काकांनी गांधीजींचं गाव सांगितलं. आमचं गाव वेगळं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं होतं, आणि मसुद्याने व्यक्ती हा घटक धरला, गाव नाही, याचं समाधान व्यक्त केलं होतं. तेव्हा सभागृहातले पुष्कळ लोक दुखावले. पण खरा वास्तववादी त्या दिवशी कोण होता? गावाच्या एकमताखाली कुणाचा आवाज दाबलेला असतो हे ज्याला दिसलं तो. आणि तोच माणूस त्याच मसुद्यात एक माणूस एक मत लिहीत होता, ज्याच्याइतकी आदर्श गोष्ट या देशात तोवर कुणी कागदावर आणली नव्हती.

याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. दोन वर्षांपूर्वी मुंबईतही हरले होते. आमची आजी सांगायची, प्रचाराला बायका कडेवर लेकरं घेऊन चालत जायच्या. पांदणवाल्यांच्या हिशोबाने ती निवडणूक लढवायलाच नको होती. आमच्या मोहल्ल्यात मात्र बायकांनी घराबाहेरच्या कामासाठी गाव सोडून जाण्याची ती पहिली वेळ होती.

आता मला एक सांगा. तुमच्या लिखाणात ‘मी’ आहे, ‘आम्ही तिघं’ आहे. तुम्ही पांदण मागितली, तुमचं वावर तिकडे असणार. दुसऱ्याचंही असेल. तिसरा फॉर्म कुणाचा होता? त्याचं वावर होतं का पांदणीत?

पांदणवाला

वाटलंच होतं. विषय विचारांचा होता, तो माझ्यावर आला.

पांदण सगळ्या गावाची आहे. मजूरही त्याच पांदणीतून जातो, त्याच्याही पायाला चिखल लागतो. साप चावलेली बाई मजूरच होती. तिसरा फॉर्म कुणाचा यानं माझ्या मुद्द्याला काय फरक पडतो ते कळलं नाही.

आणि भंडाऱ्याचं उदाहरण मोठ्या माणसाचं आहे. बाबासाहेब हरले तरी बाबासाहेबच राहिले. आम्ही हरलो असतो तर मला कृषी केंद्रातून बियाणं उधारीवर मिळालं नसतं. एवढं साधं आहे ते.

जाऊद्याना

‘एवढं साधं आहे’ हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर प्लेटोला सिसिलीचा फेरा पडला नसता.

अर्धवट पदवी (आर्णी)

राज्यशास्त्रात एम. ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, आता मोबाईलचं दुकान आहे. या धाग्यामुळे जुनी पुस्तकं काढली, गिऱ्हाईक दोनदा ओरडलं.

मॅकियाव्हेलीचं अर्धंच सांगितलं गेलं. तो नोकरीवरून निघालेला, तुरुंगात छळ सोसलेला माणूस. ‘प्रिन्स’ त्याने फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या मर्जीसाठी लिहिलं आणि त्यातून लगेच काही पदरात पडलं नाही. म्हणजे मालकाला खूश करायचं वास्तववादी धोरण खुद्द त्यालाही फळलं नाही! त्याच माणसाने रोमच्या प्रजासत्ताकावर दुसरा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की सरदार आणि सामान्य लोक यांच्या भांडणाला लोक नावं ठेवतात, पण रोम स्वतंत्र राहिलं ते त्या भांडणामुळे, चांगले कायदे त्या कलकलाटातून निघाले. बिनविरोधच्या विरोधातला याहून जुना मुद्दा मला तरी सापडला नाही.

दुसरा ई. एच. कार, ब्रिटिश इतिहासकार. आंतरराष्ट्रीय राजकारणात आदर्शवाद्यांना झोडपणारं प्रसिद्ध पुस्तक त्याचं, १९३९ चं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ, करार, जागतिक लोकमत यांवर विसंबलेल्यांना त्याने स्वप्नाळू ठरवलं. बराच बरोबर होता. पण त्याच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत हिटलरशी झालेल्या १९३८ च्या म्यूनिक कराराबद्दल बरे शब्द होते. युद्धानंतरच्या आवृत्तीत ते गाळले. वास्तव ओळखतो म्हणणाऱ्याला समोरचा माणूसच ओळखता आला नाही. आणि नुसता वास्तववाद माणसाला पुढे काय करायचं ते सांगू शकत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. ते पान कुणी वाचत नाही.

तिसरा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर, आणि हा पांदणवाल्यांच्या खरा कामाचा. जानेवारी १९१९, म्यूनिकमधलं त्याचं भाषण. जर्मनी युद्ध हरलेली, रस्त्यावर क्रांती, समोर तापलेले विद्यार्थी. तो म्हणाला, राजकारणात दोन नीती दिसतात. एक हेतू शुद्ध ठेवते आणि परिणाम देवावर सोडते. दुसरी परिणामांची जबाबदारी अंगावर घेते. आपल्याकडचे सगळे तडजोडवाले इथपर्यंत वाचून पुस्तक मिटतात आणि स्वतःला दुसऱ्या रांगेत बसवतात. पण वेबरची अट कडक आहे. जबाबदारी म्हणजे सगळ्या परिणामांची, आवडत्या परिणामांचीच नव्हे. आणि जबाबदारीने चालणारा माणूसही एका टोकाला येऊन ‘आता याच्या पलीकडे माझ्याच्याने होत नाही’ म्हणतो, तेव्हाच तो राजकारणाच्या लायकीचा, असं तो शेवटी सांगतो.

पांदणवाल्यांच्या परिणामांच्या यादीत सध्या एकच ओळ आहे. खडीकरण. वैनगंगाताईंनी दुसरी ओळ विचारली तर ते चिडले.

बोंडअळी

पोट्ट्या, तू पदवी पुरी कर. मोबाईल काय कोनीबी इकते.

अन् पांदणवाल्या, माहाच प्रश्न आता तुलेच लागू होऊन रायला. तुह्या बिनविरोधच्या नाक्यावर कोन उभा होता? उधारीची वही घेऊन मालकच होता ना. मंग मी पयले ‘बरोबर केलं’ म्हनलो ते अर्धं वापस घेतो. अर्धंच. पांदण पाह्यजेच होती.

पवनारचा पाहुणा

उधारीच्या वहीचं वाचून मी जरा खजील झालो. ज्याचं बियाणं दुसऱ्याच्या वहीत आहे त्याला ‘सौदा केलास’ म्हणणं सोपं असतं. मला पेन्शन आहे.

आणखी एक, वैनगंगाताईंच्या निमित्ताने. १९७५ मध्ये आणीबाणीला विनोबांनी ‘अनुशासन पर्व’ म्हटलं. तेव्हा त्यांचं मौन चालू होतं. पुढे खुलासे झाले की त्यांना आचार्यांचं अनुशासन म्हणायचं होतं. सत्तेने मात्र शब्द उचलला आणि भिंती रंगवल्या. जयप्रकाशांची माणसं तुरुंगात, आमच्यातली काही त्यांच्या बाजूला, काही पवनारच्या, म्हणजे विनोबांच्या आश्रमाच्या. एकाच परिवाराचे दोन तुकडे झाले. सर्वांचं एकमत व्हावं ही ज्यांची आयुष्यभराची तळमळ, त्यांच्या एका शब्दाने हे झालं. मी त्या वेळी गप्प बसलो होतो. इतक्या वर्षांत हे कुठे लिहिलं नव्हतं.

वैनगंगा

काका, लिहिलंत ते बरं केलंत.

पांदणवाल्यांना चिडवायचा हेतू नव्हता. आकडे मांडणं मलाही कळतं. आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं होतं. नियम असा की पाव हिस्सा महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आडवी बाटली (दुकान बंद) की उभी (चालू). आणि आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई आलीच नाही तिचं मत दुकानदाराच्या पारड्यात. आम्ही पहिल्यांदा हरलो. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती, पण मोहल्ल्यातल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या. यादीत नाव, गावात माणूस नाही.

त्या रात्री सगळ्या रडलो. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, पोरी, रडण्यापेक्षा मिरची कधी संपते ते पाहा. आमचा वास्तववाद तो होता. जी बाई यादीत आहे पण समोर दिसत नाही, तिला मोजायचं. पुढच्या खेपेला सह्या गोळा करायला सुरुवातच मिरचीवाल्या परत आल्यावर केली.

विरोधाबद्दलही सांगते. सदस्य झाल्यावर पहिलं वर्ष मी नुसती सही करायची. ग्रामसेवक बोट ठेवेल तिथे. शिकले कशामुळे? समोरच्या पॅनेलची एक पडलेली बाई होती, ती प्रत्येक ग्रामसभेला येऊन मलाच प्रश्न विचारायची. हापशीचं बिल दोनदा कसं निघालं, सांग. मला तिचा इतका राग यायचा! तिला उत्तर द्यायचं म्हणून मी कागद वाचायला लागले. बिनविरोध असती तर पाच वर्षं नुसत्या सह्याच केल्या असत्या.

धानोऱ्याहून

मिरचीचं उदाहरण आमच्या ग्रामसभेत सांगतो, परवानगी असेल तर. आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामात हीच अडचण येते.

पांदणवाला

आठ दिवसांनी लिहितोय. सोयाबीनची मळणी होती आणि खरं सांगायचं तर लिहायची इच्छा नव्हती.

तिसरा फॉर्म विहाराजवळच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचा होता. तेव्हा तेवीस वर्षांची, बारावी झालेली, सासर-माहेर गावातच. प्रभागातली राखीव महिला जागा. फळ्याची कल्पना तिची होती. मस्टर वाचायची पण तिचीच, कारण तिच्या आईचे चाळीस दिवस मस्टरवर दुसऱ्याच्या नावाने लागले होते. पॅनेलच्या कागदात माझं एक कलम होतं, पांदणीचं. बाकी सगळं तिचं. तिच्या घरी एक गुंठा जमीन नाही.

पारावरच्या बैठकीला ती नव्हती. बायका रात्री पारावर येत नाहीत. तिच्या वतीने आम्हीच ‘हो’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो तर ती भाकरी टाकत होती. तिने विचारलं, “दादा, मले काय भेटलं?” मी म्हणालो, गावाला पांदण भेटली. ती काही बोलली नाही. ४ तारखेला तिला मोटरसायकलवर मागे बसवून तहसीलला मीच नेलं.

तिच्या जागेवर मालकांच्या वावरात कामाला जाणाऱ्या एक काकू बिनविरोध आल्या. त्या वेळी सरपंचपदाची आरक्षण सोडत निवडणुकीनंतर होती. सोडत निघाली, अनुसूचित जाती महिला. नऊ सदस्यांत त्या एकट्याच, म्हणून त्या सरपंच झाल्या. कागद मालकांच्या ओसरीवर तयार होतात, काकू अंगठ्याऐवजी सही शिकल्या एवढंच. वैनगंगाताई, मी त्यांना हसत नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचल्यावर तर नाहीच. त्यांना प्रश्न विचारणारी बाई आम्ही मोटरसायकलवर बसवून तहसीलला नेऊन सोडली होती.

म्हणजे ती मुलगी पडली असती हे माझं गणितही कच्चंच होतं. मी नऊ जागांचा हिशोब केला. तिच्या एका प्रभागाचा केला नाही. तिथे ती निवडून आली असती. नंतर मतदारयादी काढून पाहिली, मोहल्ल्यातली घरं मोजली. आली असती.

तरीही पांदण चुकली असं मी म्हणणार नाही. या पावसाळ्यात एका पोराला ताप आला तेव्हा अॅम्ब्युलन्स थेट वावरातल्या झोपडीपर्यंत गेली. हे आणि ते, दोन्ही झालंय.

बोंडअळी भाऊ, नाक्यावर मालक उभे होते हे खरं. पण बॅटरी माझ्या हातात होती.

अर्धवट पदवी

शेवटच्या ओळीवर काही बोलत नाही. फक्त विचारतो, यंदा काय?

पांदणवाला

यंदा पारावर ‘पुन्हा बिनविरोध’ सुरू आहे. या वेळी सभामंडपाचा शब्द आहे. मी अजून काही बोललो नाही. उधारी अजून त्याच वहीत आहे, हेही सांगून ठेवतो. उगाच मोठेपणा नको.

काल ती मुलगी, आता दोन लेकरांची आई, स्वतःहून घरी आली. जात वैधतेच्या कामाला यवतमाळला जायचं आहे, एसटीचा टाइम जुळत नाही, मोटरसायकलवर नेता का म्हणाली. मी म्हटलं, नेतो. ती म्हणाली, “पेट्रोल माह्यं.”

बोंडअळी

पेट्रोलचा भाव सांग तिले आधी. मंग बी आली, तं मत माह्यं बी घे म्हना. मी तुमच्या गावचा नाही, ते सोडा.